जुन्या यंत्राचा मुकदमा

पावलोपावली पाणी देणारा प्रांत म्हणून ज्या माळव्याची पिढ्यान्‌पिढ्या ख्याती, त्याच माळव्यातील देवास शहराची तहान भागविण्यासाठी १९९० साली इंदुराहून पाण्याची आगगाडी धाडावी लागली, ही गोष्ट विस्मरून धार-देवासकडच्या घरातील जुन्या वॉशिंग मशीनचा निकाल देणे म्हणजे मुख्य साक्षीदाराला न तपासताच फैसला लिहिणे होय.

सर्वसाधारण रिवाज असा की, दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्या किमतीपलीकडे गेला आणि यंत्राने आठदहा वर्षे चाकरी केलेली असली, की ते एक्स्चेंजमध्ये द्यावे. हा हिशेब गैर नव्हे, अपुरा आहे. माळव्याच्या काळ्या पाषाणाच्या भेगांत दीर्घकाळ मुरलेले बोअरिंगचे पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार घेऊनच वर येते. ते तापले की हीटरच्या नळीवर पांढरे कवच चढते, फेस होत नाही म्हणून गृहिणी पावडर वाढविते, आणि न विरलेली पावडर व क्षार मिळून ड्रमच्या पाठीमागे जो थर साचतो तो तेथील ॲल्युमिनियमचा तिपाखी आधार हळूहळू खाऊन टाकतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे २०० मिलिग्रॅम कठीणता इष्ट मानली आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे; पण माणसाचे पोट जे निभावून नेते ते हीटरही नेईल, अशी हमी कोणत्याही मानकात नाही. धारेला परमार राजा मुंजाच्या नावाचा तलाव आजही आहे; त्यात साठते ते पावसाचे पाणी, पण घरोघरच्या यंत्रात पडते ते बहुधा बोअरिंगचेच.

म्हणून आधी तहकिकात करावी ती बिघाडाच्या जागेची. पाणी मंद भरत असेल तर नळाकडची जाळी क्षाराने बुजलेली असते. पाणी निघत नसेल तर पंप पाहावा. सेमी-ऑटोमॅटिकचा ड्रायर नुसताच गुणगुणत असेल तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. ही सारी कामे किरकोळ, आणि त्यांपायी यंत्र मोडीत काढणे हा शुद्ध अपव्यय. फ्रंट-लोडची गोष्ट निराळी. वीज बंद करून ड्रमची कड हाताने वरखाली हलवून पाहावी. ड्रम खडखडला तर बेअरिंगचा संशय घ्यावा, आणि मागचा आधारही झिजलेला निघाला तर दुरुस्तीचा मोह आवरावा.

देवासात पवारांच्या थोरल्या व धाकट्या पातीचे दोन दरबार एकाच गावात नांदत. यंत्राच्या मालकालाही तसेच दोन दरबार गाठावे लागतात. कंपनीचा कारागीर बोर्ड बदला, नाहीतर नवे घ्या म्हणतो; गल्लीतला मेकॅनिक म्हणतो, अजून पाच वर्षे हलणार नाही. दोघांचेही हितसंबंध उघड आहेत, तेव्हा दोघांकडूनही सुट्या भागाची किंमत, मजुरी आणि त्या भागाची मुदतबंद हमी लेखी घ्यावी आणि काढलेला जुना भाग मागून घ्यावा. युरोपात २०२१ पासून अशा यंत्रांचे ठरावीक सुटे भाग किमान दहा वर्षे उपलब्ध ठेवण्याची सक्ती आहे. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल उघडले, परंतु तेथे मिळते ती माहिती, बेअरिंग नव्हे. त्यासाठी इंदूरच गाठावे लागते.

नवे घ्यायचेच ठरले, तर फ्रंट-लोडला टॉप-लोडच्या निम्म्याच्या आसपास पाणी लागते, ही टँकरच्या दिवसांत मोठीच सोय. मात्र त्याचा हीटर बोअरिंगच्या पाण्यात लवकर कवच धरतो. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी बाटलीभर पाणी लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. कठीणता जास्त निघाली तर कपडे थंड पाण्यातच धुवावेत, आणि छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत घेण्याची तजवीज करावी. तिचा खर्च यंत्राच्याच खात्यावर मांडावा.