करी रोडला मराठीवाचून: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

मध्य रेल्वेवरील करी रोड आणि पश्चिम रेल्वेवरील लोअर परळ ही स्थानके एकमेकांपासून पायी काही मिनिटांवर आहेत, आणि त्यांच्या भोवतालच्या गिरणगावात, म्हणजे कापडगिरण्या व कामगारांच्या चाळी यांनी घडवलेल्या मुंबईच्या भागात, गिरण्यांच्या जागी कार्यालयांचे मनोरे उभे राहिल्यापासून अमराठी नोकरदारांची रोजची ये-जा वाढली आहे. इंग्रजीच्या भरवशावर फ्रेंचभाषक माँट्रिऑलला राहायला जाणाऱ्यासमोर जे प्रश्न उभे राहतात तेच त्यांच्यासमोरही उभे राहतात. मात्र मिळणारी उत्तरे बहुधा ऐकीव असतात.

हा परिसर पूर्वी निव्वळ मराठी होता आणि परभाषक येथे अलीकडेच आले, ही समजूत सर्वांत पक्की आहे. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांचा भरणा मोठा होता हे खरे, परंतु आजच्या तेलंगणातून आलेले तेलुगूभाषक पद्मशाली विणकर आणि आजच्या उत्तर प्रदेशातून आलेले कामगारही मुंबईच्या गिरण्यांत पिढ्यान्‌पिढ्या राबले. शिवाय मालवणी बोलणारा आणि सातारकडचा यांची मराठीही एकसारखी नव्हती. या सर्वांना जोडणारी बोली खात्याखात्यांत तयार झाली. कापड विणण्याचा विभाग म्हणजे सालखाते, मागावर आडवा धागा घेऊन धावणारा तो धोटा, कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवसापुरते काम मिळणारा तो बदली, आणि माणसे भरती करून त्यांच्याकडून काम घेणारा तो जॉबर, हे शब्द ज्याच्या तोंडी बसले त्याला पुढची मराठी शेजारच्या मागावरच्या माणसाकडून आपोआप मिळत गेली. लँकेशायरहून आलेल्या ‘थ्रॉसल’ या सूतकताई यंत्राचेही येथे ‘त्रासन’ झाले. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, तेव्हा भाषा शिकण्याची ही जागाही नाहीशी झाली. गिरणगावाच्या हानीत तिचीही गणना व्हायला हवी.

महाराष्ट्रात राहणाऱ्या प्रत्येकावर मराठी बोलण्याची कायदेशीर सक्ती आहे, हाही गैरसमजच होय. राजभाषा अधिनियम, 1964 हा शासनाच्या व्यवहाराची भाषा ठरवतो, तर दुकाने व आस्थापना कायद्यातील 2022 च्या दुरुस्तीनंतर कामगारसंख्या कितीही असली तरी प्रत्येक दुकानाला देवनागरी लिपीतील मराठी पाटी लावणे बंधनकारक आहे. खाजगी कार्यालयात कोणती भाषा बोलावी याबाबत हे दोन्ही कायदे काही सांगत नाहीत. माँट्रिऑल ज्यात आहे त्या क्वेबेक प्रांताने मात्र 1977 मध्ये फ्रेंच भाषेची सनद संमत करून फ्रेंच ही कामाचीही भाषा ठरवली, आणि ठरावीक संख्येहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना ती प्रत्यक्ष वापरात असल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

हिंदी ही राष्ट्रभाषा असल्याने तिच्यावर भागते, असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. संविधानाच्या अनुच्छेद 343 नुसार हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे. राष्ट्रभाषा असा दर्जा संविधानाने कोणत्याच भाषेला दिलेला नाही. 2011 च्या जनगणनेत मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे 44 लाख आणि हिंदी सांगणारे सुमारे 36 लाख होते, त्यामुळे बाजारहाट हिंदीत होतो यात नवल नाही.

उरला इंग्रजी पुरेशी असल्याचा समज. मनोऱ्याच्या आत ती पुरते, आणि उच्च न्यायालयाचे कामकाजही इंग्रजीतच चालते. परंतु माणूस करी रोडला नुसती नोकरी न करता घर करून राहू लागला की कागद मराठी होतात. महापालिकेच्या नोटिसा मराठीत निघतात. घराच्या खरेदीखताची नोंदणी झाल्यावर मिळणारा सूची क्रमांक 2, म्हणजे मिळकत, रक्कम व दोन्ही पक्ष यांचा गोषवारा देणारा उतारा, मराठीत असतो, आणि करार इंग्रजीत वाचून निर्धास्त झालेला खरेदीदार त्यातील क्षेत्रफळ ताडून न पाहताच तो कपाटात ठेवून देतो. पोलीस ठाण्यात प्रथम खबरही, म्हणजे गुन्ह्याची पहिली लेखी नोंदही, सामान्यतः मराठीत उतरवली जाते. तोंडी दिलेली खबर लिहून झाल्यावर ती देणाऱ्याला वाचून दाखवणे आणि तिची प्रत विनामूल्य देणे कायद्याने आवश्यक आहे. म्हणून मराठी न समजणाऱ्याने सही करण्यापूर्वी तिचा अर्थ आपल्या भाषेत सांगण्याचा आग्रह धरावा आणि प्रत घेतल्यावाचून ठाणे सोडू नये.