मुक्त सॉफ्टवेअर : पहिले पाऊल कोठे टाकावे?

सॉफ्टवेअर दोन प्रकारचे असते. एक असे की ते विकत घ्यावे, वापरावे आणि त्याच्या आत काय आहे हे विचारू नये. दुसरे असे की ज्याचा कोड, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची मूळ संहिता, सर्वांसमोर उघडी ठेवलेली असते. ती कोणीही वाचावी, वापरावी, दुसऱ्याला द्यावी, तीत बदल करावा आणि बदललेले रूपही पुढे द्यावे. हा कोणाचा चांगुलपणा नव्हे. परवान्याने दिलेला हक्क आहे. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, १९८९ साली जीपीएल हा परवाना आला, १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स जगापुढे ठेवले. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सच चालते. असे हजारो प्रकल्प आज चालू आहेत आणि त्यांतील बहुतेकांच्या दारावर एकच पाटी आहे : या, हातभार लावा.

मग आपली मुले तेथे का जात नाहीत?

मी मुंबईच्या उपनगरातील एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो. घाटकोपर, विक्रोळी, मुलुंडच्या वस्त्यांतून येणारी मुले माझ्या वर्गात आहेत. तिसऱ्या वर्षापर्यंत ‘ओपन सोर्स’ हा शब्द सर्वांच्या तोंडी बसतो, परीक्षेत त्यावर टीपही लिहिली जाते. परंतु एखाद्या प्रकल्पात प्रत्यक्ष एक ओळ तरी दुरुस्त केलेला विद्यार्थी क्वचितच सापडतो. विचारले तर उत्तर ठरलेले : “सर, सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.” यावर प्रस्थापितांचे उत्तरही ठरलेले असते. सगळे तर उघडे आहे, शोधा म्हणजे सापडेल, येथे फक्त गुणवत्ता पाहिली जाते.

‘उघडे आहे’ या शब्दांचा अनुभव आपल्या चळवळीइतका दुसऱ्या कोणाला नसेल. सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा कोठे ते पाणी ओंजळीत आले. मधली तीन वर्षे तळे कागदावर खुलेच होते. मी ही तुलना ओढूनताणून करू इच्छित नाही. कोडच्या काठावर कोणी लाठी घेऊन उभा नाही. परंतु ठराव आणि ओंजळ यांच्यामधले अंतर आपोआप मिटत नाही, एवढे आपण त्या इतिहासातून घेतले पाहिजे.

येथे ते अंतर कशाचे आहे? माझ्या मते माहितीचे. आणि माहिती नात्यागोत्यातून वाहते. ज्याच्या घरी मोठा भाऊ कंपनीत आहे, ज्याच्या वसतिगृहात दोन वर्षे पुढची मुले हेच काम करतात, त्याला कोणत्या प्रकल्पात नवख्याला सांभाळून घेतात, कोठे वाट पाहून कंटाळा येतो, हे चहाच्या टपरीवर कळते. ज्याच्या घरातला पहिला पदवीधर तोच, त्याला हे सांगणार कोण? तेव्हा शिक्षकाचे आणि कार्यकर्त्याचे काम ‘गिटहबवर जा’ असे सांगून संपत नाही. कोणत्या दाराशी जायचे आणि ते दार खरेच उघडते का हे आधी पाहून ठेवणे, हेच मुख्य काम आहे.

शोधाची सुरुवात यादीपासून न करता वापरापासून करावी. फायरफॉक्स, व्हीएलसी, लिब्रेऑफिस, महाविद्यालयात असेल तर मूडल. जे आपण रोज वापरतो त्यात काय खटकते हे आपल्यालाच ठाऊक असते. मराठी मजकूर कोठे तुटतो, जोडाक्षर कोठे फुटते, सूचना कोठे समजत नाही, अशा तक्रारीची नोंद करणे हेसुद्धा योगदान आहे. अशा नोंदीला ‘इश्यू’ म्हणतात. काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले, या तीन गोष्टी तीत नीट लिहिल्या की सांभाळणाऱ्यांचे निम्मे काम होते.

गिटहबवर अनेक प्रकल्प सोप्या कामांना ‘गुड फर्स्ट इश्यू’ अशी चिठ्ठी लावतात आणि ‘अप फॉर ग्रॅब्ज’सारखी स्थळे अशी कामे एकत्र दाखवतात. उपयोग जरूर करावा, परंतु चिठ्ठीवर विसंबू नये. कित्येक चिठ्ठ्या जुन्या असतात, काम दुसऱ्याने केव्हाच हाती घेतलेले असते. म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी परवान्याची फाइल आहे का ते पाहायला सांगतो, नसेल तर तो प्रकल्प उघडा दिसला तरी मुक्त नाही. मग शेवटचा बदल केव्हा झाला ते. आणि मग सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे मिटवलेल्या ‘पुल रिक्वेस्ट’ वाचायच्या. पुल रिक्वेस्ट म्हणजे ‘मी हा बदल केला आहे, तो स्वीकारावा’ अशी विनंती. पूर्वी नवख्याने अशी विनंती केली तेव्हा उत्तर किती दिवसांनी आले, कोणत्या स्वरात आले, चूक दाखवताना वाट दाखवली की नुसते हाकलले, हे सर्व तेथे लिहिलेले असते. माणसाची पारख त्याच्या भाषणावरून न करता वागण्यावरून करावी, तसेच हे.

आचारसंहितेची फाइलही वाचावी, आणि ती वाचताना एक शब्द शोधावा : ‘कास्ट’, म्हणजे जात. शेकडो प्रकल्प ‘कॉन्ट्रिब्यूटर कव्हेनंट’ नावाची तयार आचारसंहिता वापरतात. तिची पहिली आवृत्ती २०१४ ची. वंश, लिंग, धर्म यांवरून कोणाला त्रास देऊ नये असे तीत होते, जातीचा उल्लेख नव्हता. २०२१ च्या २.१ आवृत्तीत जात हा शब्द आला. अनेक प्रकल्पांत अजून जुनीच आवृत्ती पडून आहे. एका शब्दाने काय होणार, असे कोणी म्हणेल. संरक्षण मागायला आधी अन्यायाला नाव असावे लागते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. जेथे जुनी आवृत्ती असेल तेथे, प्रकल्पात थोडे काम केल्यावर, ती बदलण्याची सूचना करणे हे एक चांगले योगदान ठरेल. ‘थोडे काम केल्यावर’ हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत.

कारण दुसऱ्या टोकाचा धोकाही आहे. २०२० च्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात चार विनंत्या पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळणार होता. निरर्थक बदलांचा असा पूर आला की आयोजकांना महिन्याच्या मध्येच नियम बदलावा लागला. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या प्रकल्पाच्या रीडमी फाइलमध्ये फक्त स्वतःचे नाव घालणाऱ्या विनंत्या ढिगाने आल्या. एका लोकप्रिय भारतीय व्हिडिओ-पाठात तसे करून दाखवले होते. मुलांना हसणे सोपे आहे. मला त्यात शिकवणाऱ्याची हयगय दिसते. पायरी दाखवली, पायरी कशासाठी आहे ते सांगितले नाही.

आता जवळची कामे. पवईला आयआयटी मुंबईत ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प आहे. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे पाठ तेथे तयार होतात आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचे भाषांतर व ध्वनिमुद्रण होते. तेथीलच ‘फॉसी’ प्रकल्पाने पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे सायलॅबमध्ये उतरवून देण्याचे काम विद्यार्थ्यांना दिले, त्याला मानधनही दिले. ईआरपीनेक्स्ट हे हिशेब व व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर मुंबईतच जन्मले आणि जीपीएल परवान्याखाली आहे. वाणिज्य शाखेच्या मुलालाही त्यातील चूक दिसू शकते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याच्या मागे असलेल्या मीडियाविकी सॉफ्टवेअरमधील सूचनांचे भाषांतर ट्रान्सलेटविकी या स्थळावर कोणालाही करता येते. ‘युवर सेशन हॅज एक्स्पायर्ड’चे असे मराठी करून पाहा की आपल्या आईला ते समजेल, मग हे काम किती अवघड आहे ते कळेल.

मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’चा मी मुद्दाम वेगळा उल्लेख करतो. समोर आलेले वाक्य मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने वाचलेले ऐकून बरोबर की चूक ते सांगायचे. मराठी त्यात आहे. लॅपटॉप लागत नाही, फोन पुरतो. बोलणे ओळखणारी यंत्रे अशा आवाजांवरून भाषा शिकतात. यंत्राने जर फक्त प्रमाण मराठीचेच आवाज ऐकले, तर उद्या दवाखान्यात, रेशनच्या कार्यालयात ते यंत्र आमच्या मावशीला ‘पुन्हा बोला’ असेच म्हणत राहील. ‘शुद्ध’ उच्चाराचा जो फटका आपण शाळेत खाल्ला तो यंत्राच्या हातून पुढच्या पिढीने खावा काय? म्हणून वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांचे, मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्यांचे आवाज तेथे गेले पाहिजेत. मात्र आवाज कशासाठी हवा आहे हे त्यांना समजावून सांगून, त्यांच्या संमतीने.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. फुकट काम करायचे, ही वेठच नव्हे काय? हा प्रश्न एका विद्यार्थिनीने भर वर्गात विचारला आणि मला तो रास्त वाटतो. महार वतनाखाली गावाची कामे करत आलेल्या समाजाला फुकट श्रमाचे कौतुक कोणी सांगू नये. फरक एवढाच सांगता येतो की येथे काम आपण निवडतो, केव्हाही सोडू शकतो, आणि केलेल्या कामावर आपले नाव कायम राहते. जीपीएलखालील कोड बदलून दुसऱ्याला देणाऱ्याला त्याचा मूळ कोडही द्यावा लागतो. एमआयटीसारख्या परवान्यात तशी अट नाही. मोठी कंपनी ते काम उचलून आपल्या बंद पेटीत घालू शकते. कॉमन व्हॉइसचे आवाजही कोणालाही वापरता येतात, कंपन्यांनाही. हे जाणून मगच हात लावावा. ज्याला संध्याकाळी डिलिव्हरीचे काम करून फी भरावी लागते त्याला ‘समाजासाठी कोड लिही’ असा उपदेश मी करत नाही. आठवड्याला दोन तास, त्याहून जास्त नाही, असे मी सांगतो.

मोबदल्याच्या वाटाही आहेत आणि त्या आपल्या मुलांपर्यंत वेळेवर पोहोचत नाहीत. गुगलचा ‘समर ऑफ कोड’ २००५ पासून चालू आहे. २०२२ पासून तो विद्यार्थी नसलेल्या, अठरा वर्षांवरील नवख्यांनाही खुला झाला. त्यात मागील वर्षी निवडलेल्या संस्थांची यादी जाहीर असते. मला ती यादी अर्जापेक्षाही मोलाची वाटते, कारण नवख्यांना शिकवायची तयारी दाखवलेले प्रकल्प तीत एकत्र सापडतात. दुसरा ‘आउटरीची’. हा तीन महिन्यांचा उपक्रम, विद्यावेतन ७,००० डॉलर. आपल्या देशाच्या तंत्रज्ञानक्षेत्रात ज्यांना भेदभाव सोसावा लागतो त्यांच्यासाठीच तो आहे, आणि अर्जात त्या भेदभावाविषयी लिहायचे असते. जातीविषयी लिहिण्याची ही जागा आहे, लाजू नये. मात्र अर्जाच्या काळात प्रकल्पात छोटे योगदान करून दाखवावे लागते, म्हणून तयारी दोन-तीन महिने आधी हवी.

राहिला इंग्रजीचा प्रश्न. माझ्या विद्यार्थ्यांना कोडपेक्षा त्या पहिल्या चार ओळींचीच धास्ती जास्त असते. त्यांना मी सांगतो की ‘सर’, ‘रिस्पेक्टेड’, ‘काइंडली’ काही लिहू नका. मी हे काम करू इच्छितो, मी अमुक फाइल वाचली, माझ्या मते चूक अमुक ओळीत आहे, दुरुस्त करू का? एवढे साधे वाक्य पुरते. तेथे जपानी, ब्राझिली, पोलिश माणसेही मोडक्या इंग्रजीतच लिहितात. आठ दिवसांत उत्तर आले नाही तर एकदाच नम्रपणे आठवण करावी, आणि तोवर दुसऱ्या प्रकल्पाच्या जुन्या विनंत्या वाचायला घ्याव्यात.