थांबलेल्या हृदयाचं दान

केपटाउनच्या ग्रूट शूर रुग्णालयात ३ डिसेंबर १९६७ रोजी ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं मानवी हृदय-प्रत्यारोपण केलं, तेव्हा मेंदूमृत्यूला मान्यता नव्हती. अपघातग्रस्त तरुणीचं हृदय थांबल्यावरच ते काढलं गेलं. पुढच्याच वर्षी हार्वर्डच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष मांडले आणि दात्याच्या छातीत धडधडत असलेलंच हृदय घेण्याची पद्धत रूढ झाली. थांबलेलं हृदय प्रौढांसाठी कित्येक दशकं बाद ठरलं.

त्याला कारण होतं. रक्ताभिसरण थांबलं की शरीराच्या उबेत हृदयाचे स्नायू प्राणवायूवाचून मरू लागतात. अर्धा तास उलटला की धोका फार वाढतो. त्यातच हृदय थांबल्यावर मृत्यू घोषित करण्याआधी डॉक्टरांना काही मिनिटं, अनेक देशांत पाच, हात न लावता थांबावं लागतं. ही मिनिटं कमी करण्याचा मोह कुणालाही होऊ नये. दात्याच्या कुटुंबाचा विश्वास त्यांवरच टिकून आहे.

२०१४ मध्ये सिडनीच्या सेंट व्हिन्सेंट्स रुग्णालयाने वाट काढली. काढलेलं हृदय बर्फात न ठेवता एका पेटीत ठेवलं. तिथे दात्याचंच रक्त कोमट करून, प्राणवायू मिसळून हृदयात खेळवतात. थोड्या वेळात हृदय पुन्हा धडधडू लागतं. मग ठरावीक वेळाने रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे प्राणवायू कमी पडल्यावर साचणारं द्रव्य, मोजायचं: ते उतरत गेलं तर स्नायू सावरतोय, चढत राहिलं तर हृदय नाकारायचं. माझ्या मते पेटीचं खरं मोल या परीक्षेत आहे. बर्फातल्या हृदयाची अशी परीक्षा घेता येत नाही.

२०२३ मध्ये या पद्धतीच्या अमेरिकेतल्या चाचणीचे निकाल आले. सहा महिन्यांनंतर थांबलेलं हृदय मिळालेल्यांपैकी ९४ टक्के, तर मेंदूमृत दात्याचं हृदय मिळालेल्यांपैकी ९० टक्के रुग्ण हयात होते. फरक छोटा आहे. त्यातून नवी पद्धत सरस ठरत नाही, पण कमीही पडत नाही. मात्र सुरुवातीच्या काही तासांत नवं हृदय नीट न चालण्याचे गंभीर प्रसंग थांबलेल्या हृदयाच्या गटात जास्त घडले. हे हृदय घेणाऱ्या रुग्णाला आणि त्याच्या नातेवाइकांना आधीच सांगायला हवं.

आपल्याकडच्या १९९४ च्या अवयव-प्रत्यारोपण कायद्यात मृत्यूच्या व्याख्येत हृदय-श्वसन थांबणंही आहे. तरी हृदयदान आजही मुख्यत्वे मेंदूमृत दात्यांवर अवलंबून आहे. पेटी महागडी आहे, हे खरं. पण असं हृदय बहुधा व्हेंटिलेटर काढल्यावर थांबतं, आणि तो कधी काढावा याबद्दल कुटुंबाशी मोकळेपणाने बोलण्याची सवय अतिदक्षता विभागांना लावायला पैसा लागत नाही. सुरुवात तिथून करता येईल.