नंदुरबारला जाताय? पनीर मागू नका!

नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळला निघालेल्या कुणालाही विचारा, सातपायरी घाट आणि यशवंत तलाव ही दोन नावं लगेच येतात. ‘आणि जेवणाचं काय?’ म्हटलं की उत्तर येतं, ‘मिळेल काहीतरी.’ मग डोंगरातल्या हॉटेलात बसून मंडळी पनीर मसाला आणि तंदुरी रोटी मागवतात. सुट्टीतला हा सगळ्यात मोठा तोटा! कारण 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा अवघ्या सहा तालुक्यांचा असला, तरी इथं चुली तीन तऱ्हेच्या आहेत. तापीकाठच्या शहादा-नंदुरबारची एक, नवापूरच्या जंगलपट्ट्यातली दुसरी आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या सातपुड्यातली तिसरी. तीनही ठिकाणी जेवलात, तर नंदुरबार पाहिलंत.

दादर: भाकरीतली मानकरीण

तापीकाठच्या काळ्या, खोल जमिनीत रब्बीला जी ज्वारी येते ती दादर. पावसाळ्यात जमिनीत मुरलेली ओल आणि हिवाळ्यातली थंडी एवढ्यावर ती पोसते. तिच्या भाकरीला अंगची गोडी असते. हिवाळ्यात तिच्या जोडीला भरीत हवंच. वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायची, सोबत हिरव्या मिरच्याही भाजायच्या, सगळं लाकडी मुसळीनं ठेचायचं आणि वरून कांद्याची पात, शेंगदाणे नि तेलाची फोडणी. टोमॅटो नाही, गरम मसाला नाही. धुराचा वास हाच मसाला. ज्वारीत उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी मिळाली, तर दादर क्षणभर बाजूला ठेवली तरी चालेल.

पोळी लाटायची कशाला, हातावर वाढवायची!

आता खापराची पुरणपोळी. हिला खापराचे मांडेही म्हणतात. पाहिली नसेल, तर ऐकून विश्वास बसत नाही. गव्हाचं पीठ वस्त्रगाळ करून इतकं मळायचं की ते रबरासारखं ताणलं जावं. दोन पुऱ्यांमध्ये पुरणाचा गोळा ठेवून कडा दाबायच्या, थोडं लाटायचं आणि मग पोळपाट-लाटण्याला सुट्टी. पोळी दोन्ही तळव्यांवर घ्यायची आणि या हातावरून त्या हातावर खेळवत, मनगटावरून कोपरापर्यंत नेत वाढवत जायची. पोळी पसरत जाते, आतलं पुरण झिरझिरीत होऊन बाहेरून दिसू लागतं, तरी फाटत नाही. मग एका झटक्यात ती चुलीवर उपड्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर जाते. एक पोळी दोघांना पुरते. करणाऱ्या बाईचे हात कोपरापर्यंत पिठाचे, समोर जाळ, आणि तोंडानं शेजारणीशी गप्पा चालूच.

हिचा हक्काचा दिवस आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, झाडाला झोके बांधलेले असतात आणि पोळीबरोबर वाटीभर आमरस असतो. खानदेशात हा सण दिवाळीच्या तोडीचा. एप्रिल-मेच्या उन्हाला घाबरून या दिवसांत इकडे न फिरकणारी माणसं काय गमावतात, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

ढाब्यावरचा राजा

शेवभाजी. काळ्या मसाल्याचा तर्रीदार रस्सा आणि त्यात जाड, तिखट शेव. नियम एकच: शेव अगदी शेवटी पडली पाहिजे. आधीच टाकून ठेवलेली शेव आली, तर ढाबा बदला.

मिरची सांभाळून!

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची येऊ लागते. शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर ती वाळत घालतात, त्या जागांना पथारी म्हणतात. रस्त्यानं जाताना नाकाला आधी कळतं, डोळ्यांना नंतर दिसतं. तिथं देठ खुडणाऱ्या बायांच्या हातांची दिवसभर आग होत असते आणि एक अवकाळी पाऊस आला की लाखोंचा माल मातीत जातो. घरी जाताना किलोभर मिरची घ्याच, आणि घेताना ‘तिखट शे का?’ असं अहिराणीत विचारा. उत्तर भरघोस मिळतं.

अस्सल गावरान, मूळ गाव अमेरिका

ही गंमत थोडी सविस्तर सांगायलाच हवी. तापी आणि गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशा गावाला दक्षिण काशी म्हणतात. तिथं 1950च्या दशकात पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी उत्खनन केलं आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाण काळातल्या वस्तीचे थर सापडले. त्या काळच्या प्रकाशाकराला आजच्या नंदुरबारच्या ताटावर बसवलं, तर तो चक्रावून जाईल. ठेच्यातली मिरची, खलातले शेंगदाणे, धडगावची मक्याची भाकरी, शहाद्याची पपई, डोंगरातलं सीताफळ: सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. कोलंबसाच्या सफरीनंतर, मुख्यतः पोर्तुगीजांच्या काळात ते भारतात पोचलं. ज्वारीही मूळची आफ्रिकेची, फक्त ती फार पूर्वी आली. मग इथलं काय? उडीद, तूर, आंबा आणि मोह. पाहुणी पिकं या मातीत इतकी रमली की आज त्यांच्यावाचून खानदेशी स्वयंपाकाची कल्पनाही करता येत नाही.

तुमचा उपास, त्यांचं रोजचं जेवण

पुण्या-मुंबईत भगरीची आठवण होते ती एकादशीला. सातपुड्यात मात्र ती भाताच्या जागी पानात असते. अक्कलकुवा तालुक्यातल्या मोलगी परिसरातली भगर प्रसिद्ध आहे. डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत, जिथं गहू तग धरणार नाही, तिथं भगर, मोर, बंटी, भादी अशी बारीक धान्यं येतात. त्यांचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं, त्यामुळे उखळात कांडताना बायांचे हात दुखून येत. आता गिरण्या आल्या आणि हे कष्ट पुष्कळ कमी झाले. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं आणि शहरात या धान्यांची पाकिटं महाग झाली. धडगावच्या पावरा आणि भिल्ल घरांनी हे बियाणं त्याआधीच कित्येक पिढ्या राखून ठेवलेलं होतं. भगरीबरोबर उडदाची घट्ट डाळ, लाल मिरची आणि लसूण. एवढंच जेवण, पण डोंगर चढून आल्यावर यासारखं काही नाही.

पहाटेचं फूल

जिल्ह्याच्या लोकसंख्येत आदिवासींचा वाटा 2011च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के. त्यांच्या घरातलं सगळ्यात मानाचं झाड मोह. मार्च-एप्रिलमध्ये पानं झडलेल्या झाडाला गुच्छ लागतात आणि रात्री-पहाटे फुलं टपटप गळू लागतात. झाडाखालची जमीन आधीच झाडून, पालापाचोळा काढून स्वच्छ केलेली असते, म्हणजे फुलं दिसतात. उजाडण्याआधी टोपल्या घेऊन अख्खं घर झाडाखाली. उशीर केला तर गुरं, पाखरं आणि कधी अस्वलंही आपला वाटा घेऊन जातात.

ताजं फूल हातावर घेऊन पाहा: फिक्कट पिवळं, मांसल, रसानं भरलेलं. पाकळ्यांचा नखरा नाही. वाळलं की बेदाण्यासारखं तपकिरी होतं, आणि त्यात निम्म्याहून अधिक साखरच असते. दारू होते हे सगळ्यांना माहीत, पण भाजून तिळाबरोबर कुटलेले लाडू, पिठात घालून केलेली भाकरी, नुसतीच भाजून खाल्लेली फुलं हे कुणी विचारत नाही. फुलं संपली की फळं, आणि फळातल्या बियांचं, म्हणजे डोळीचं, तेल. एका झाडानं घर चालवायचं म्हणजे आणखी काय करायचं? दारूची चौकशी करणाऱ्या पर्यटकांनी एकदा लाडू मागून पाहावेत.

आमचूर येतं कुठून?

छोले मसाल्याच्या पाकिटावर आमचूर असतं, पण ते करणारे हात दिसत नाहीत. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात घरोघर गावठी कैऱ्या सोलल्या जातात, त्यांचे काप करून खडकांवर आणि अंगणात वाळत घातले जातात. कैरी जितकी आंबट, तितकं आमचूर चांगलं. व्यापारी ते पोत्यांनी घेतात आणि पुढं ते देशभर जातं. हे काप वाळताना पाहायचे असतील, तर एप्रिल-मे गाठा.

अर्धा फलाट इकडे, अर्धा तिकडे

नवापूर रेल्वे स्थानकाची लांबी 800 मीटर. त्यातले 300 मीटर महाराष्ट्रात, 500 मीटर गुजरातेत. तिकीट खिडकी एका राज्यात, स्टेशनमास्तर दुसऱ्या राज्यात, आणि घोषणा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत. 1960 साली राज्यं वेगळी झाली, पण पानं वेगळी झाली नाहीत. त्यामुळे इकडच्या ताटात कढी-खिचडी आणि न्याहारीला फाफडा ही घरचीच माणसं. मात्र नवापूरला जाऊन खायची ती तूरडाळ. 2016 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. साधं वरण, वर तुपाची धार. फोडणी दिली नाही तरी चालेल इतकी ती चवदार आहे. आजूबाजूच्या मावची आणि कोकणी आदिवासी घरांत तांदळाची आणि नागलीची भाकरी होते, तिच्याबरोबर हे वरण ओरपून पाहा.

पाहुण्याला न मिळणारा एकच पदार्थ

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई देवी बसते. रात्रभर गाणी, पहाटेपर्यंत जागरण. तिच्या रोटांसाठी गहू घरातल्या माणसांमागे सव्वा मूठ या हिशेबानं घेतात आणि रोट भाऊबंदांतच खायचे असतात. बाहेरच्याला ते वाढत नाहीत. वाईट वाटून घेऊ नका, गंगाफळाची भाजी आणि खीर आग्रहानं वाढतील.

जत्रेत काय खाल?

सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा घोड्यांसाठी देशभर गाजते. घोडे पाहून पाय दुखले की गोडी शेव आणि गरम जिलेबी. होळीआधीच्या आठवड्यात सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. तिथं फुटाणे, गूळ, खजूर, साखरेचे हार-कंगन यांचे ढीग आणि ढोलांचा दणका. काठी गावची राजवाडी होळी तर पहाटे पेटते, तेव्हा रात्रीचं जेवण पोटभर करूनच निघा.

आणि हो, स्ट्रॉबेरी!

महाबळेश्वरची मक्तेदारी समजू नका. अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब परिसरात थंड हवेवर शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरी पिकवून दाखवली आहे. दिवाळीच्या सुमारास गेलात तर धडगाव-तोरणमाळच्या रस्त्यावर सीताफळांच्या पाट्या मांडून बसलेल्या बाया भेटतात. ही सीताफळं आकारानं लहान, गोडीनं मोठी.

जाण्याआधी एवढं करा

गावात जेवायचं असेल तर एक दिवस आधी निरोप द्या. गावठी कोंबडी पकडण्यापासून खापर तापवण्यापर्यंत सगळ्याला वेळ लागतो, आणि ऐन वेळी दहा माणसं दारात उभी राहिली तर घरची बाई स्वतः उपाशी राहून तुम्हाला वाढेल. मेनूकार्ड मागू नका. ‘ताई, आज तुमच्याकडे काय केलंय?’ एवढं विचारा आणि येईल ते खा. जेवणाचे पैसे आपणहून, व्यवस्थित द्या. परतताना भगर, आमचूर आणि मोहाची फुलं बाजारात बसलेल्या बायांकडूनच घ्या, आणि भाव पाडू नका.