पोर्तुगाल-स्पेनचें भाषाविश्व आणि आपल्या पोथ्यांचा काल

सुमारें वीस वर्षांपूर्वीं भंडारा जिल्ह्यांतील वैनगंगाकांठच्या एका खेड्यांतून, एका वैद्य घराण्याकडून, एक वैद्यकाची पोथी माझ्याकडे वाचावयास आली. भाषा मराठी, मधून मधून संस्कृत श्लोक. शेवटलें पान गहाळ झालेलें, त्यामुळें पुष्पिका नाहीं व शकहि नाहीं. 'पोथी यादवांच्या वेळची' अशी समजूत त्या घरांत वडिलांपासून चालत आलेली होती. कागदावरील पोथीस एवढें वय देतांना मला शंका यावयास हवी होती. परंतु अक्षराचें वळण जुनें वाटलें, तेवढ्यावर विसंबून मीं माझ्या टिपणवहींत 'अंदाजें शके १२००' असें लिहिलें व तसेंच पोथीच्या वेष्टनावरहि लिहून दिलें. दोन वर्षांनीं तीच पोथी पुन्हा सावकाश वाचीत असतां दंतमंजनाच्या एका पाठांत 'तमाखूची राख' असे शब्द आढळले. मजकूर मूळ हाताचाच होता. समासांत मागाहून घातलेला नव्हता. त्या एका शब्दानें पोथी निदान तीनशें वर्षें अलीकडे आली आणि माझी नोंद खोटी पडली.

ही चूक होण्याचें कारण असें कीं, तमाखू हा शब्द कोठून, कोणत्या वाटेनें व केव्हां आला याचा मीं विचारच केला नव्हता. संस्कृताच्या अभ्यासांत वाढलेल्या माझ्यासारख्याची दृष्टि पश्चिमेस इराणापलीकडे फारशी जात नाहीं. तो शब्द जेथून आला, तें स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांचें विश्व आपल्या पोथ्या, कागदपत्रें व नाणीं यांच्याशीं कसें निगडित आहे, तें थोडक्यांत सांगावें आणि कालनिर्णयाकडे त्याचा उपयोग दाखवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. या विश्वाचा विस्तार

युरोपच्या नैर्ऋत्य टोंकास आयबेरिया नांवाचें द्वीपकल्प आहे. स्पेन व पोर्तुगाल हीं त्यांतील दोन मुख्य राज्यें. दोहोंच्याहि राजभाषा लॅटिनपासून निघालेल्या असून परस्परांस निकटच्या आहेत. १४९२ मध्यें कोलंबस स्पेनच्या आश्रयानें पश्चिमेकडे जाऊन अमेरिकेच्या बेटांस पोंचला. नव्या भूमीच्या मालकीविषयीं लगेच तंटा उपस्थित झाला, तेव्हां ७ जून १४९४ रोजीं तोर्देसिल्यास येथें उभय राज्यांनीं तह केला. केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेस ३७० लीग अंतरावर एक दक्षिणोत्तर रेषा कल्पून तिच्या पश्चिमेकडील प्रदेश स्पेननें व पूर्वेकडील पोर्तुगालनें घ्यावा, असें त्यांत ठरलें. पुढें वास्को द गामा १४९८ मध्यें कालिकतास आला. १५०० मध्यें हिंदुस्थानाकडेच निघालेला काब्राल वाटेंत ब्राझीलच्या किनाऱ्यास लागला, आणि तेथून त्याच वर्षीं कालिकतास पोंचला. ब्राझील व मलबार यांची गांठ अशी एकाच सफरींत पडली. त्यानंतर १० वर्षांनीं, म्हणजे १५१० मध्यें, गोवें पोर्तुगीजांच्या हातीं गेलें.

त्या रेषेची खूण आजच्या नकाशावरहि दिसते. मेक्सिकोपासून आर्जेन्टिना व चिलीपर्यंत अमेरिकेंतील १८ स्वतंत्र राष्ट्रांत स्पॅनिश भाषा चालते. त्यांत क्यूबा व डोमिनिकन प्रजासत्ताक हीं बेटांवरील राष्ट्रेंहि आलीं. रेषेच्या पूर्वेस पडलेलें ब्राझील मात्र पोर्तुगीज बोलतें. १८२२ मध्यें तें स्वतंत्र झालें आणि आज पोर्तुगीज बोलणारे सर्वांत अधिक लोक तेथेंच आहेत. आफ्रिकेंत अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ, केप व्हर्दे आणि साओं तोमे व प्रिन्सिपे या पांच राष्ट्रांची राजभाषा पोर्तुगीज असून विषुववृत्तीय गिनींत प्रामुख्यानें स्पॅनिश चालते. आशियांत फिलिपाइन्स बेटें १८९८ पर्यंत स्पेनकडे होतीं. पूर्व तिमोर २००२ मध्यें स्वतंत्र राष्ट्र झालें, तेथें पोर्तुगीज अद्यापि राजभाषा आहे. मकाव १९९९ मध्यें चीनकडे परत गेलें, आणि गोवें, दमण व दीव हीं १९ डिसेंबर १९६१ रोजीं भारतांत सामील झालीं.

या विस्तारांत गोव्याचें स्थान एखाद्या दूरच्या ठाण्याचें नव्हतें. केप ऑफ गुड होपच्या पूर्वेकडील पोर्तुगीजांच्या कारभाराची तें राजधानी होतें. आफ्रिकेंतील मोझांबिकचा कारभारसुद्धां १७५२ पर्यंत गोव्याहूनच चाले. शिवाय १५८० पासून १६४० पर्यंत पोर्तुगालची गादी स्पेनच्या फिलिप राजांकडे होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचें सुमारें ११ हजार ओव्यांचें मराठी क्रिस्तपुराण १६१६ मध्यें गोव्यांत, रायतूर येथें, रोमन लिपींत छापलें गेलें, तेव्हां गोव्याचा राजा आणि मेक्सिको व पेरू या देशांचा राजा एकच होता. त्या ६० वर्षांतील एखाद्या पोर्तुगीज कागदावर फिलिप राजाचें नांव आढळल्यास तो कागद स्पेनचा समजूं नये.

२. वस्तूंच्या वाटा

अमेरिकेंतील वनस्पति आपल्याकडे आल्या त्या बहुतेक पोर्तुगीज गलबतांतून, आणि येतांना आपलीं मूळचीं नांवें बरोबर घेऊन आल्या. काजू व अननस हे शब्द ब्राझीलच्या तुपी लोकांच्या भाषेंतून पोर्तुगीज भाषेंत व तेथून मराठींत आले. बटाटा हा कॅरिबियन बेटांतील शब्द. मूळांत तो रताळ्याचा वाचक होता. पपई व तंबाखू हे शब्दहि त्याच बाजूचे. टोमॅटो व चॉकलेट हे शब्द मात्र मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेंतून स्पॅनिश भाषेंत व तेथून इंग्रजीच्या द्वारें आपल्याकडे आले. त्यांची वाट गोव्यावरून गेली नाहीं. शब्दाचें रूप पाहिलें म्हणजे वस्तूची वाट बहुधा कळते.

या आगमनाच्या कांहीं तिथि नक्की सांगतां येतात. ख्रिस्तोव्हाओं द कोस्ता या पोर्तुगीज वैद्यानें १५७८ मध्यें स्पेनमधील बुर्गोस येथें स्पॅनिश भाषेंत औषधींवर ग्रंथ छापला. त्यांत कोचीनच्या बागांत काजू पाहिल्याचा उल्लेख आहे. अकबराच्या आईन-इ-अकबरींत अननस येतो. तंबाखूविषयीं असदबेग लिहितो कीं, विजापूरच्या वकिलातीहून परततांना आपण ती अकबरासाठीं आणली. हा प्रसंग १६०४-०५ च्या सुमाराचा. जहांगिरानें १६१७ मध्यें तंबाखूच्या सेवनास मनाई केली. यावरून दक्षिणेंतील दरबारांत तंबाखू उत्तरेच्या अगोदर रूढ झाली होती हें उघड आहे.

नाणकसंग्राहकांनींहि या विश्वाची दखल घेतली पाहिजे. आजच्या बोलिव्हियांतील पोतोसी येथील रुप्याचा डोंगर १५४५ मध्यें स्पॅनिश लोकांस सांपडला. तेथील व मेक्सिकोच्या चांदीचीं आठ रेआलांचीं नाणीं एकीकडे युरोपांतून सुरतेस येत, तर दुसरीकडे १५६५ पासून १८१५ पर्यंत आकापुल्को-मनिला या वाटेनें आशियांत येत. मोगलांच्या टांकसाळींत तीं वितळवून रुपये पाडीत. तेव्हां आपल्या संग्रहांतील शहाजहानी रुपयांत पेरूच्या डोंगरांतील रुपें असणें सहज शक्य आहे.

३. संस्कृत ग्रंथांतील साक्ष

आतां पोथ्यांकडे वळूं. चरक-सुश्रुतांत उपदंश आहे, फिरंग नाहीं. सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या भावप्रकाशांत फिरंगरोगाचें स्वतंत्र वर्णन असून त्यावर चोपचिनी हें द्वीपांतरींचें औषध सांगितलें आहे. हा रोग युरोपांत १४९५ च्या सुमारास नेपल्स येथें प्रथम भयंकर रीतीनें पसरला. त्याचें उगमस्थान अमेरिका कीं काय, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. पण आपल्या वैद्यांनीं त्याला जें नांव दिलें त्यावरून तो कोणाबरोबर आला असें ते समजत होते, तें स्पष्ट होतें. योगरत्नाकरांत तमाखूचे गुणदोष दिले आहेत. म्हणून तो ग्रंथ सतराव्या शतकापूर्वींचा मानतां येत नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं अशाच वस्तूंच्या उल्लेखांवरून कालनिर्णय करण्याची पद्धति आपल्याकडे रूढ केली. माझ्यासारख्यानें ती अगोदर अभ्यासिली असती, तर वेष्टनावरील ती नोंद झाली नसती.

परंतु याच ठिकाणीं एक मोठा धोका आहे. नवी वस्तु पुष्कळदां जुनें नांव धारण करते. संस्कृत ग्रंथांतील 'आलुक' म्हणजे बटाटा नव्हे. तीं दुसरीं कंदमुळें होत. 'मरिच' म्हणजे मिरें. मिरची ही अमेरिकेहून आलेली असून तिनें आपलें नांव मिऱ्यावरून घेतलें. भुईमूग हें नांव शुद्ध देशी, पण वनस्पति दक्षिण अमेरिकेची. सीताफळ व रामफळ हीं नांवें तर रामायणाची आठवण करून देणारीं. तरी वनस्पतिशास्त्रज्ञ त्या झाडांचें मूळ अमेरिकेंतच मानतात. नांव संस्कृत आहे एवढ्यावरून वस्तु पुरातन ठरत नाहीं, हें आम्हां संस्कृतज्ञांस विशेषतः लक्षांत ठेविलें पाहिजे.

४. मराठी कागदपत्रें

मराठेशाहीच्या पत्रांत पोर्तुगीजांस 'फिरंगी' म्हणत. हा शब्द अरबी-फारसीतून आलेला, मूळचा फ्रँक लोकांचा वाचक. परंतु इतर युरोपियनांचीं नांवें आपण पोर्तुगीजांच्या तोंडून ऐकलीं: 'इंग्रज' व 'वलंदेज' हीं रूपें पोर्तुगीज उच्चारावरून बनलीं आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत टोपीकरांच्या ज्या जाति सांगितल्या आहेत त्यांत हीं नांवें सांपडतात. गोव्याच्या 'व्हिसे-रेइ'चें मराठी पत्रांत 'विजरई' झालें. मोडी वाचणाऱ्यास हीं रूपें ठाऊक नसल्यास तो पुष्कळदां अडखळतो.

उलट बाजूनें पाहतां, मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें पोर्तुगीज भाषेंतहि विपुल आहेत. गोवें व लिस्बन यांमधील दरसालच्या पत्रव्यवहाराचीं 'मोन्सूनांचीं पुस्तकें' गोव्याच्या दप्तरखान्यांत आहेत. कॉस्मे द ग्वार्दा याचें पोर्तुगीज शिवचरित्र १७३० मध्यें लिस्बन येथें छापलें गेलें. डॉ. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर (१८९४–१९६९) यांनीं हीं दप्तरें चाळून 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ मराठींत लिहिला. तो १९६७ मध्यें पुणें विद्यापीठानें प्रसिद्ध केला. शब्दांच्या बाबतींत गोव्याच्याच सेबास्तिआंव रोदोल्फो दाल्गादो (१८५५–१९२२) यांचा आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवरील १९१३ चा ग्रंथ प्रत्येक संग्राहकाच्या हाताशीं असावा.

चिमाजी आप्पांनीं १७३९ मध्यें वसई घेतली आणि पुढल्याच वर्षीं चौल-कोर्लईहि पोर्तुगीजांच्या हातून गेली. राज्य गेलें, तरी रायगड जिल्ह्यांतील कोर्लई गांवांत मराठीच्या वळणाची एक पोर्तुगीज बोली आजहि घरांत बोलली जाते.

५. भंडाऱ्यापर्यंत

आमच्या भंडाऱ्यास पोर्तुगीजांचें राज्य कधीं आलें नाहीं. तथापि येथील माणूस महिनाअखेर 'पगार' घेतो, गवंडी 'घमेलें' उचलतो, जंगलखात्याच्या लांकडांचा 'लिलाव' होतो, गुन्हेगार 'तुरुंगांत' जातो. हे सारे शब्द पोर्तुगीज. तुरुंग हा 'त्रोंको' म्हणजे झाडाचा ओंडका, कैद्याचे पाय अडकविण्याचा खोडा. किल्लीस पुण्याकडे 'चावी' म्हणतात. आमच्याकडे बोलतांना 'चाबी' म्हणतात. मूळ शब्द 'शाव्ह', लेखनांत 'चावे' सारखा, एकच. तो एका वाटेनें कोंकणांतून व दुसऱ्या वाटेनें हिंदींतून आला. तसेंच पुण्याचा बटाटा आमच्याकडे घरोघर 'आलू' आहे. आणि भंडारा व १९९९ पर्यंत त्यांतच असलेला गोंदिया या भागांत ज्या विडीवर हजारों घरांनीं पोट भरलें, तिचें पान आमच्या जंगलांतील तेंदूचें व आंतील तंबाखू अमेरिकेच्या वंशाची आहे.

६. संग्राहकांस विनंती

वरील विवेचनावरून चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, असा शब्द पोथीची केवळ पूर्वमर्यादा सांगतो. तिच्याहून पोथी कितीहि अलीकडची असूं शकेल. दुसरी, शब्द मूळ हाताचा कीं समासांतील, हें पाहिल्याशिवाय निर्णय करूं नये. आणि मूळ हाताचा असला तरी तो त्या प्रतीचा काल सांगतो, ग्रंथकर्त्याचा नव्हे, कारण नकल करणाऱ्यानेंहि पाठ वाढविलेला असूं शकतो. तिसरी, शब्द न आढळणें हा प्राचीनत्वाचा पुरावा नव्हे. चौथी, संस्कृत नांवामागें नवी वस्तु दडलेली नाहीं ना, हें तपासावें. आपल्या याद्यांत प्रत्येक पोथीपुढें असे शब्द पत्रांकासह नोंदविले, तर पुष्पिका हरवलेल्या कित्येक पोथ्यांचा काल लागण्यास मदत होईल.

ती पोथी परत देतांना मीं मालकांस सर्व हकीकत सांगितली. यादवकाळ गेला याचें त्यांना वाईट वाटलें व ते कांहीं वेळ बोलले नाहींत. मग वेष्टन पुढें करून म्हणाले, "गुरुजी, पहिलें तुम्हींच लिहिलें होतें, आतां खरें तेंहि तुमच्याच हातानें लिहा, नाहीं तर नातवंडें तेंच सांगत बसतील." मीं जुनी ओळ न खोडतां तिच्याखालीं नवी ओळ लिहिली आणि दोन्हींपुढें तारीख घातली.