नोंद करणारीला काय मिळतं?

लेखमाला : दवाखान्याची नवी वही (लेखांक ६)

कागदी केसपेपर संगणकात जाताना काय काय गळतं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज नोंद करणाऱ्यांकडे वळू. गर्भवतीच्या घरी आशाताई जातात, उपकेंद्रात एएनएम सिस्टर तपासतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर ठरवतात. तिघांच्या डोळ्यांसमोर बाई एकच. पण बहुतेक पोर्टलं वर जाणाऱ्या अहवालासाठी बांधलेली असतात. आशाताईंनी भरलेला आकडा जिल्ह्याला जातो, तिथून राजधानीला. त्यांच्याकडे मात्र काहीच परत येत नाही.

याच्या उलट दिशेनं बांधलेलं एक साधन आपल्याच भागात वापरून पाहिलं गेलं. २०१४ ते २०१६ या काळात बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत ‘क्लिप’ नावाची चाचणी झाली. बेळगावचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आणि कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ तिच्यात होते. गरोदरपणात बीपी वाढून झटके येतात, त्यात आई आणि बाळ दोघंही दगावू शकतात. तो धोका गावातच ओळखणं हा हेतू. आशा आणि एएनएम यांच्या हाती एक मोबाइल ॲप होतं. बीपीचा आकडा भरायचा, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, हे विचारून नोंदवायचं. ॲप तिथल्या तिथे सांगायचं की हिला नेहमीच्या तपासणीला बोलवा, दिवसभरात दवाखान्यात पोचवा की चार तासांच्या आत हलवा. म्हणजे नोंद भरणारीलाच पहिलं उत्तर मिळत होतं.

एवढं करूनही निकाल सोपा आला नाही. भारत, पाकिस्तान आणि मोझांबिक या तिन्ही देशांतील चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. एकूण मृत्यू आणि गंभीर आजार घटलेले दिसले नाहीत. पण ज्या गर्भवतींकडे ॲप घेऊन आठ किंवा त्याहून अधिक वेळा कुणी पोचलं, त्यांच्यात मृतजन्म कमी आढळले. तेवढ्यावरून भेटींमुळेच ते टळले असं सिद्ध होत नाही. तरी दिशा कळते. ॲप कितीही हुशार असलं तरी दारापर्यंत माणसाला जावंच लागतं. म्हणून तीच माहिती रजिस्टरात, पोर्टलवर आणि पुन्हा मासिक अहवालात लिहायला लावणारी व्यवस्था या भेटींचाच वेळ खाते.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात आणखी एक पेच आहे. निपाणीची सून पहिल्या बाळंतपणाला कागल किंवा गडहिंग्लजच्या माहेरी जाते. तिच्या पर्समध्ये कर्नाटकात गर्भवतींना मिळणारं तायी कार्ड. तिकडची सिस्टर महाराष्ट्राच्या नोंदीत तिला नव्यानं लिहिते. सातव्या महिन्यात वाढलेलं बीपी तिथे कुणाला माहीत नसतं. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ आकडी आभा क्रमांक अशा वेळी उपयोगी पडू शकतो, कारण रुग्णाच्या संमतीनं तिची नोंद दुसऱ्या राज्यातही उघडता येते. मात्र उपकेंद्रातली तपासणी त्या क्रमांकाला जोडलीच नसेल, तर तिकडे उघडायला काही नसतं.

तेव्हा नवं सॉफ्टवेअर घेणाऱ्या अधिकाऱ्यांना एक विनंती. जिल्ह्याचा डॅशबोर्ड पाहण्याआधी ते आठवडाभर एखाद्या आशाताईंच्या हातात द्या. गर्भवतीच्या दारातून निघण्याआधी पुढं काय करायचं ते त्यांना त्यातून कळलं नाही, तर ते घेऊ नका.