बाजरीची मुळाक्षरं

बाजरीच्या दाण्यात काय असतं? तुम्ही म्हणाल, पीठ असतं. बरोबर आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट असते. ती डोळ्यांना दिसत नाही. दाण्यात एक लेख असतो.

बाजरी पेरली की बाजरीच उगवते, ज्वारी उगवत नाही. ती का? झाड किती उंच वाढावं, कणीस किती दिवसांत भरावं, कोणत्या रोगाला दाद देऊ नये, हे सारं त्या लेखात लिहिलेलं असतं. आईबापांचं वळण मुलांत उतरतं, तसा हा लेख बियांतून बियांत उतरतो. या संपूर्ण लेखाला जीनोम म्हणतात. त्यातल्या एकेका कामाच्या वाक्याला जनुक म्हणतात.

तुम्ही नुकतीच मुळाक्षरं शिकलात. मराठीत ती बरीच आहेत. निसर्गाचं काम मात्र चारच अक्षरांवर भागतं. शास्त्रज्ञ त्यांना ए, टी, जी आणि सी म्हणतात. पण लेख केवढा लांब! बाजरीच्या लेखात सुमारे १७९ कोटी अक्षरं आहेत. दिवसरात्र न झोपता सेकंदाला एक अक्षर वाचलं, तरी छप्पन वर्षांहून अधिक काळ लागेल. एका माणसाचा जन्म त्यातच जायचा.

मग हा लेख वाचला कसा? त्याची रीत ऐका. अशी कल्पना करा की एका पोथीच्या पुष्कळ प्रती आहेत आणि त्या सगळ्या फाटून त्यांचे तुकडे झाले आहेत. एका तुकड्याचा शेवट दुसऱ्या तुकड्याच्या आरंभाशी जुळला, की ते दोन तुकडे शेजारी लावायचे. असं करीत करीत पोथी पुन्हा उभी राहते. यंत्र बाजरीच्या लेखाचे तुकडे वाचतं. ते जुळवण्याचं काम संगणक करतो. सजीवांची अशी माहिती संगणकावर जुळवण्याच्या आणि तपासण्याच्या शास्त्राला जैवमाहितीशास्त्र म्हणतात.

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट नावाची मोठी शेती संशोधन संस्था आहे. तिने अनेक देशांतल्या शास्त्रज्ञांबरोबर हे काम केलं. २०१७ साली बाजरीचा लेख प्रसिद्ध झाला. त्यात साडेअडतीस हजारांवर जनुकं आढळली. शिवाय लागवडीतल्या आणि रानटी मिळून ९९४ बाजऱ्यांचे लेख पडताळून पाहिले.

आता तुम्ही विचाराल, याचा आम्हांला उपयोग काय? गोसावी रोग तुम्हांला ठाऊक आहेच. कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुपका येतो, दाणा धरत नाही. १९६५ साली आपल्या देशात एच.बी. १ हा संकरित वाण आला. पीक भरघोस येऊ लागलं. पुष्कळ शेतांत एकाच वळणाची बाजरी झाली. १९७१ च्या सुमारास गोसावी आला आणि त्याने ती बाजरी बसवली. सगळ्यांचा लेख सारखा, म्हणून सगळ्यांचं दुखणंही सारखंच.

गोसावीला दाद न देणारी बाजरी शोधायची, तर पूर्वी झाडं वाढवून रोगात उभी करावी लागत. कोणतं टिकतं ते पाहत बसावं लागे. लेखातली खूण कळली की रोपाचं पान चिमूटभर तोडून तपासता येतं. ज्या रोपात खूण नाही, ते तिथेच सोडून द्यायचं. हरियाणात एच.एच.बी. ६७ हा लवकर येणारा वाण होता. त्याला गोसावीने गाठलं. शास्त्रज्ञांनी अशा खुणा पाहून बाजरीचाच गुण बाजरीत आणला आणि २००५ साली सुधारलेला वाण दिला. तेव्हा थोड्याच खुणा ठाऊक होत्या. आता सारा लेख समोर असल्याने खुणा शोधणं सोपं झालं आहे.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली आहे. खेड्यात कितीतरी मायबहिणींचं रक्त कमी असतं. चालताना दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. अंगात लोह कमी पडलं की असं होतं. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या संशोधन केंद्राने लोह अधिक असलेले दोन संकरित वाण दिले आहेत. हे केंद्र परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं आहे. २०१७ साली ए.एच.बी. १२०० आला आणि २०१८ साली ए.एच.बी. १२६९ आला. यातला ‘ए’ शहराच्या औरंगाबाद या जुन्या नावाचा. नेहमीच्या बाजरीच्या किलोभर दाण्यांत ४५ ते ५० मिलिग्रॅम लोह असतं. पहिल्या वाणात ते ७३ आणि दुसऱ्यात ९१ मिलिग्रॅम आहे.

भाकरीतलं हे लोह अंगी लागतं का? महाराष्ट्रातल्या खेड्यांतल्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलांवर हे पाहिलं गेलं. काहींना लोह अधिक असलेल्या बाजरीची भाकरी दिली, काहींना साध्या बाजरीची. पहिल्या मुलांच्या अंगातला लोहाचा साठा चार महिन्यांत अधिक वाढला. हे २०१५ साली प्रसिद्ध झालं. मात्र भाकरी म्हणजे औषध नव्हे. रक्त फार कमी असेल, तर दवाखाना गाठलाच पाहिजे.

संगणक लेख वाचतो, पण नांगर धरीत नाही. नवा वाण शेतात पेरून, पावसात आणि उन्हात पारखावाच लागतो. रोगाचं बीजही बदलत राहतं, म्हणून शोध कधी संपत नाही. म्हणून गावात सगळ्यांनी एकच वाण पेरू नये. गोसावीचं झाड दिसलं, की उपटून जाळावं.

आणखी एक ध्यानात ठेवा. संकरित वाणाचं घरचं बी पुन्हा पेरू नये. त्याचे गुण फुटतात आणि उतारा घटतो. घरचं बी राखायचं असेल, तर लोह अधिक असलेला ‘धनशक्ती’ हा वाण आहे. तो संकरित नाही. २०१२ साली तो महाराष्ट्रात आला. शेजारी दुसरी बाजरी नसेल अशा जागेचं, चांगल्या कणसांचं बी निवडून ठेवावं.

दाण्यातला लेख वाचायला शास्त्रज्ञ आहेत. पिशवीवरचा लेख मात्र तुम्हीच वाचला पाहिजे. दुकानदार ‘हेच घ्या’ म्हणाला, तरी वाणाचं नाव पाहा, तारीख पाहा, उगवण शंभरात किती ते पाहा, आणि पावती मागून घ्या. अक्षर शिकल्याचा लाभ तो हाच.